हेलिकॉप्टरची सक्तीची तपासणी: एडी (नियामकाची सक्तीची आज्ञा) हातात पडल्यापासून लॉगबुकातल्या सहीपर्यंत

हँगरमध्ये नव्याने आलेला माणूस पहिला आठवडाभर पाने, टॉर्क रेंच आणि लॉकवायरची पक्कड यांच्यामागे असतो. साहजिक आहे, काम म्हणजे हातात हत्यार असंच आपल्याला वाटत असतं. पण सक्तीच्या तपासणीत आणि भाग बदलण्यात ज्या चुका जिवावर बेततात, त्यातल्या बऱ्याच हाताच्या नसतात. कागद अर्धवट वाचलेला असतो, नाहीतर तासांची बेरीज चुकलेली असते. म्हणून इथे पान्यापेक्षा कागदाला जास्त जागा दिली आहे. कंटाळा येईल, तरी वाचा.

आधी हेलिकॉप्टरलाच एवढा जाच का, ते समजून घेऊ. विमानाचे पंख जागेवर असतात, हेलिकॉप्टरचे फिरतात. आर४४सारख्या छोट्या हेलिकॉप्टरचा मुख्य रोटर मिनिटाला साधारण ४०० फेरे घेतो, म्हणजे तासाला २४,०००. पुढे जाताना प्रत्येक फेरीत एका बाजूच्या पात्याला वारा जास्त लागतो, दुसऱ्या बाजूच्या पात्याला कमी. त्यामुळे फेरीगणिक पातं एकदा वाकतं, सरळ होतं, आणि त्याच्या मुळाशी ताण चढतो, उतरतो. २,२०० तासांत हे ५ कोटी २८ लाख वेळा घडतं. हाताने तार वाकवून वाकवून तोडतो ना, तोच प्रकार, फक्त फार सावकाश. यालाच फटीग म्हणतात. शिवाय रोटरचा मास्ट (रोटर फिरवणारा उभा दांडा), हब (पाती जिथे जोडलेली असतात तो मधला भाग), टेल रोटरचा (शेपटीवरच्या छोट्या रोटरचा) शाफ्ट हे भाग एकेकच असतात. एक गेला तर दुसरा सांभाळून घेईल अशी सोय नाही. मास्टच्या टोकावरच्या मोठ्या नटाला जुने मेकॅनिक ‘जीझस नट’ म्हणत, कारण तो हवेत निघाला तर येशूचा धावा करण्यापलीकडे काही उरत नाही. विनोद काळा आहे, पण सगळं गणित त्यात आलं. म्हणूनच निर्माता असे भाग चाचणीत तुटेपर्यंत राबवतो, त्यातून भरपूर राखीव अंतर ठेवून एक आकडा काढतो, आणि त्या आकड्याला भाग काढावाच लागतो. ‘अजून चांगला दिसतोय की’ हे वाक्य इथे चालत नाही. दिसायला तो चांगलाच असतो.

पायरी १: हातातला कागद कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

तीन जाती आहेत. पहिली, मेंटेनन्स मॅन्युअलचं चौथं प्रकरण: एअरवर्दीनेस लिमिटेशन्स. ज्या भागांचं आयुष्य ठरलेलं आहे त्यांची यादी आणि ज्या तपासण्या टाळता येत नाहीत त्यांची यादी इथे असते. लिहितो निर्माता, पण मंजूर करतो नियामक, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणारी सरकारी संस्था, त्यामुळे ते कायद्यासारखंच बंधनकारक. पाचव्या प्रकरणात नेहमीच्या तपासण्यांची वेळापत्रकं असतात. नवखे पाचवं प्रकरण पाठ करतात आणि चौथं उघडतही नाहीत. तुम्ही उलट सुरुवात करा.

दुसरी जात, सर्व्हिस बुलेटिन. हे निर्मात्याचं पत्र. त्यातही ‘अलर्ट’ असा शिक्का असेल तर प्रकरण तातडीचं आहे असं निर्माता सांगतोय.

तिसरी, एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह. हँगरमध्ये सगळे एडीच म्हणतात. ही नियामकाची आज्ञा: अमेरिकेत एफएए, युरोपात ईएएसए, कॅनडात ट्रान्सपोर्ट कॅनडा. लागू असलेली एडी पाळली नाही तर ते हेलिकॉप्टर उडवता येत नाही, मग मालक कोणीही असो.

बुलेटिन म्हणजे सल्ला आणि एडी म्हणजे हुकूम, असं सोपं करून शिकवतात. खाजगी वापराच्या यंत्रासाठी बऱ्याच देशांत कायद्याने ते तसं आहेही. पण सिकोर्स्की एस-९२एची गोष्ट ऐका. जुलै २००८मध्ये ऑस्ट्रेलियात अशा एका हेलिकॉप्टरच्या मुख्य गिअरबॉक्सचं तेल उडताना निघून गेलं. तेलाच्या फिल्टरची वाटी गिअरबॉक्सला टायटॅनियमच्या तीन स्टडनी (आटे पाडलेल्या दांड्यांनी) धरलेली असते, ते स्टड तुटले होते. ते हेलिकॉप्टर सुखरूप उतरलं. जानेवारी २००९मध्ये निर्मात्याने अलर्ट बुलेटिन काढलं: टायटॅनियमचे स्टड काढून पोलादाचे बसवा, मुदत १,२५० तास किंवा एक वर्ष. १२ मार्च २००९ला कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रावर त्याच जातीच्या हेलिकॉप्टरचे तीनपैकी दोन स्टड तुटले, तेल गेलं आणि यंत्र समुद्रात कोसळलं. १८ जणांतला एक वाचला. २३ मार्चला एफएएची आणीबाणीची एडी आली: पुढच्या उड्डाणाआधी स्टड बदला. म्हणजे जे काम जानेवारीत ‘वर्षभरात करा’ होतं, तेच मार्चमध्ये ‘आत्ता करा’ झालं. स्टड तेच होते, त्यांच्यातली चीरही त्याच वेगाने वाढत होती.

यातून मी माझ्यापुरता एक नियम केला आहे. अलर्ट बुलेटिनात उड्डाणाच्या नियंत्रणाचा, रोटरचा किंवा गिअरबॉक्सचा भाग असेल तर मुदतीच्या शेवटच्या तारखेकडे मी बघत नाही. सुटा भाग आला की पुढच्या संधीला बसवतो. मुदत म्हणजे शेवटची रेघ. काम रेघेवरच करायचं असं कुठेही लिहिलेलं नसतं.

पायरी २: एडी शोधायची कुठे

साधा नियम: ज्या देशात यंत्राचं डिझाइन मंजूर झालं, त्या देशाच्या नियामकाची एडी आधी येते. मग नोंदणीचा देश ती स्वीकारतो किंवा स्वतःची काढतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या आठव्या परिशिष्टाने ही माहिती पोचवण्याचं बंधन घातलं आहे. फसगत कंपनीच्या नावामुळे होते. बेल म्हटलं की अमेरिका आठवते, पण बेल ४०७ आणि ४२९ यांचं टाइप सर्टिफिकेट, म्हणजे डिझाइन मंजूर झाल्याचा दाखला, कॅनडातलं आहे. त्यांच्या एडी आधी ट्रान्सपोर्ट कॅनडाकडून निघतात. एअरबस हेलिकॉप्टर्स आणि लिओनार्दो यांच्या बाबतीत ईएएसए. तेव्हा टाइप सर्टिफिकेटच्या डेटा शीटवर कोणाचं नाव आहे ते एकदा पाहून लिहून ठेवा.

इंजिनाचं टाइप सर्टिफिकेट वेगळं असतं, त्यामुळे त्याच्या एडी वेगळ्या यादीत मिळतात. पाण्यावर उतरण्याचे फुगे, सीट बेल्ट, इमर्जन्सी लोकेटर ट्रान्समीटर, बाहेरून बसवलेले हुक आणि विंच यांच्याही असतात. हेलिकॉप्टरच्या मॉडेलचं नाव टाकून शोधलं तर या सापडतीलच असं नाही. एफएएची डायनॅमिक रेग्युलेटरी सिस्टिम आणि ईएएसएचं सेफ्टी पब्लिकेशन्स टूल दोन्ही फुकट आहेत. नव्या एडीची ईमेल येण्याची सोय लावून घ्या, आणि ती एका माणसाच्या खाजगी ईमेलवर लावू नका. तो माणूस रजेवर गेला की एडीही रजेवर जाते.

क्रमांक वाचायला शिका. एफएएच्या २००९-०७-५३ या क्रमांकात वर्ष, त्या वर्षातला दोन आठवड्यांचा कितवा टप्पा, आणि क्रम असतो. शेवटचा आकडा ५१ किंवा पुढचा असेल तर ती आणीबाणीची. ईएएसएच्या क्रमांकामागे ‘ई’ म्हणजे इमर्जन्सी, ‘आर१’ म्हणजे पहिली सुधारणा. क्रमांकाखाली आणखी एक ओळ असते: ही एडी कोणत्या जुन्या एडीच्या जागी आली. ती ओळ चुकवली तर माणूस रद्द झालेली एडी मनापासून पाळत बसतो.

पायरी ३: ही माझ्या यंत्राला लागू आहे का

लागू होण्याचा परिच्छेद सावकाश वाचा. मॉडेल, सिरियल नंबरची मर्यादा, पार्ट नंबर, भागाचा सिरियल नंबर, कधी उत्पादनाची तारीख. पार्ट नंबरमधल्या डॅशनंतरच्या आकड्याला महत्त्व आहे. -१०१ आणि -१०३ बाहेरून जुळ्या भावांसारखे दिसतील, पण एकाची चाचणी वेगळ्या ताणावर झालेली असते.

आणि उत्तर लॉगबुकात शोधून थांबू नका. यंत्राजवळ जा, टॉर्च लावा, भागावरची पट्टी वाचा. मागच्या मालकाने बदललेला भाग कागदावर जुन्याच नंबरने राहिलेला मी पाहिला आहे. पट्टी रंगाखाली गेली असेल, झिजली असेल, तर अंदाज करायचा नाही. नंबर सिद्ध होत नाही तोवर एडी लागू आहे असं धरायचं.

एडी लागू नसेल तर तेही लिहायचं, कारणासकट. ‘लागू नाही’ एवढंच लिहिणं म्हणजे पुढच्या माणसाला तेच काम पुन्हा करायला लावणं. ‘लागू नाही: बसवलेल्या हबचा सिरियल नंबर मर्यादेबाहेर’ असं लिहा. मात्र उद्या हब बदलला तर हे उत्तरही बदलेल, हे डोक्यात ठेवा. काही एड्यांमध्ये शेवटी एक छोटं कलम असतं: या तारखेनंतर हा पार्ट नंबर कोणत्याही यंत्रावर बसवू नका. आज तुमच्यावर तो भाग नाही म्हणून ते कलम सोडून दिलंत, तर सहा महिन्यांनी स्टोअरमधला जुना भाग तुमच्याच हाताने बसेल.

पायरी ४: मुदतीचं गणित

इथे घाई नको. एडीवर दोन तारखा असतात, निघाल्याची आणि अमलात आल्याची. मुदत सहसा दुसरीपासून मोजतात. त्या दिवशी यंत्राचे तास किती होते ते लगेच लिहून ठेवा, नंतर शोधत बसावं लागतं.

समजा एडी १० जूनला अमलात आली आणि त्या दिवशी यंत्राचे २,८४७.३ तास झाले होते. मुदत आहे ‘५० तास किंवा ३० दिवस, यांतलं जे आधी होईल ते’. मग रेघ आहे २,८९७.३ तास किंवा १० जुलै. पावसामुळे यंत्र उभं राहिलं आणि १० जुलैला फक्त १२ तास उडालं होतं, तरी मुदत संपली. ‘जे आधी’ आणि ‘जे नंतर’ हे दोन शब्दप्रयोग मी नेहमी पेनने गोल करतो. आमच्याकडे एक हुशार मुलगा होता, त्याने ‘जे नंतर’ असं वाचून तक्ता भरला होता. दुसऱ्या कोणीतरी सहज नजर टाकली म्हणून सापडलं. तेव्हापासून तक्ता एकाने भरायचा, दुसऱ्याने मूळ एडी समोर ठेवून तपासायचा.

तास म्हणजे कोणते तास, हाही प्रश्न आहे. एफएएच्या व्याख्येत सेवेतला वेळ म्हणजे यंत्र जमिनीवरून सुटल्यापासून परत टेकेपर्यंत. काही मीटर इंजिनात तेलाचा दाब आला की चालू होतात, काही कलेक्टिव्ह (हेलिकॉप्टर वर-खाली नेणारा दांडा) उचलल्यावर. पहिल्या प्रकारात जमिनीवर गरम होण्याची मिनिटंही मोजली जातात. कोणता आकडा धरायचा ते एकदा ठरवा, लिहून ठेवा आणि मग बदलू नका. मध्येच पद्धत बदलली की मागचे सगळे भाग संशयात येतात.

अमेरिकी नियमात १०० तासांच्या तपासणीला, तपासणीच्या ठिकाणी पोचण्यापुरती, १० तासांपर्यंत सूट आहे. ती सूट एडीला नाही. एडीत १०० म्हणजे १००. पुनःपुन्हा करायच्या तपासण्या असतील तर त्या नेहमीच्या तपासणीशी जुळवण्याचा मोह होतो. जुळवा, पण लवकर करून जुळवा.

‘पुढच्या उड्डाणाआधी’ असं लिहिलं असेल तर यंत्र जिथे आहे तिथेच थांबतं. दुरुस्तीच्या जागी रिकामं नेण्यासाठी विशेष परवाना मागता येतो, पण एडीने तो मनाई केलेला नाही ना, हे आधी बघा. आणि एडीत सांगितलेल्यापेक्षा वेगळ्या मार्गाने तेवढीच सुरक्षितता मिळवता येत असेल तर नियामकाकडे तसा अर्ज करता येतो. त्याला एएमओसी म्हणतात. मंजुरी हातात येईपर्यंत मूळ एडीच चालते.

पायरी ५: प्रत्येक भागाची स्वतःची जन्मकुंडली

यंत्राचे तास आणि भागाचे तास वेगळे. समजा एक पातं तुमच्या यंत्रावर १,६४०.० तासांना बसवलं, तेव्हा त्या पात्याचे आधीचे ३८५.२ तास झाले होते. आज यंत्र २,३११.५ वर आहे. मध्ये ६७१.५ तास गेले, म्हणजे पात्याचं वय १,०५६.७. आयुष्य २,२०० असेल तर ते यंत्राच्या ३,४५४.८ तासांना उतरवायचं. हे प्रत्येक भागाचं लिहा. संगणकावर तक्ता असला तरी वर्षातून एकदा हाताने मोजून बघा. तक्त्यातलं एक चुकीचं सूत्र वर्षानुवर्षं मुकाट्याने चुकत राहतं.

तासांच्या जोडीला दिनदर्शिकाही मोजायची असते. रॉबिन्सनच्या आर२२ आणि आर४४ना ओव्हरहॉल (पूर्ण उघडून, तपासून पुन्हा जुळवणं) २,२०० तासांनी किंवा १२ वर्षांनी. वर्षाला १०० तास उडणाऱ्या यंत्राची १२ वर्षं १,२०० तासांतच भरतात, आणि मालक म्हणतो, ‘अजून हजार तास बाकी आहेत की!’ नाहीत. गंज, चिकटवलेले सांधे आणि रबर यांना तास कळत नाहीत, वर्षं कळतात.

टर्बाइन इंजिनाच्या चकत्यांचं आयुष्य सायकलमध्ये, म्हणजे इंजिन किती वेळा तापलं आणि थंड झालं यात मोजतात. बेलच्या काही मॉडेलांवर मास्टसारख्या भागांना रिटायरमेंट इंडेक्स नंबर असतो: प्रत्येक उड्डाण आणि प्रत्येक उचललेलं ओझं यांचे गुण जमा होत जातात. दिवसभर लाकडाचे ओंडके उचलणारं यंत्र तासांत तरुण आणि गुणांत म्हातारं असू शकतं. वैमानिकाने उचलण्यांची संख्या लिहिली नाही तर तुमचा हिशेब पहिल्या दिवसापासून खोटा. त्यांच्याशी याबद्दल बोलायला लाजू नका.

ओव्हरहॉल आणि आयुष्य यांची गल्लत करू नका. ओव्हरहॉलने गिअरबॉक्सचे ‘ओव्हरहॉलनंतरचे तास’ शून्य होतात. आतल्या आयुष्यबद्ध गिअरचे जन्मापासूनचे तास शून्य होत नाहीत. ते कशानेच होत नाहीत.

पायरी ६: प्रत्यक्ष तपासणी

आधी घाणेरडं असतानाच बघा, मग पुसा. नवखे उत्साहाने सगळं चकचकीत करतात आणि पुरावा धुऊन टाकतात. ॲल्युमिनिअमचे दोन भाग एकमेकांवर घासत असतील तर काळी पूड निघते, पोलाद असेल तर तांबूस. रिव्हेटच्या डोक्यामागे धुरासारखी काळी रेघ दिसली तर तो सैल आहे. रंगावर केसाएवढी रेघ, तिच्यातून तेलाचा ओघळ, हे पुसण्याआधी दिसतं. फोटो काढा, मग स्वच्छ करा.

एडीत बऱ्याचदा ‘१० पट किंवा जास्त मोठं दाखवणाऱ्या भिंगाने’ असं लिहिलेलं असतं. मग नुसती नजर चालत नाही, आणि भिंग खिशात ठेवूनही चालत नाही. टॉर्च समोरून मारू नका, तिरकी धरा, म्हणजे चिरेची सावली पडते. डाय पेनिट्रंट (चिरेत मुरून ती दाखवणारा रंगीत द्रव) वापरायचं असेल तर रंग पूर्ण काढा, द्रव मुरायला सांगितला तेवढा वेळ द्या, जास्तीचा द्रव कापडाने पुसा. थेट भागावर सॉल्व्हंट फवारलात तर चिरेतला रंगही निघून जाईल आणि भाग निर्दोष ठरेल. एडी करंट, अल्ट्रासॉनिक, मॅग्नेटिक पार्टिकल या तपासण्या त्या कामाचं प्रमाणपत्र असलेल्यानेच कराव्यात. या ‘एडी करंट’चा आपल्या एडीशी काही संबंध नाही, नावं जुळली एवढंच.

पात्यांवर चिकटवलेला पत्रा सुटतोय का हे ठोकून ओळखतात. नाण्यासारख्या वस्तूने हलके टिचके मारत जायचं. आवाज खणखणीत असेल तर ठीक, मध्येच बद्द झाला तर तिथे थांबायचं. शांत जागा लागते. शेजारी कंप्रेसर चालू असताना केलेली ठोक-तपासणी मी मानत नाही. सिकोर्स्कीच्या काही जुन्या पात्यांत पोकळ स्पारमध्ये (पात्याच्या आतल्या मुख्य कण्यात) दाबाखाली नायट्रोजन भरलेला असे आणि मुळाशी एक दर्शक. चीर गेली की दाब उतरायचा आणि दर्शकाचा रंग बदलायचा. इतकी साधी युक्ती, पण दर्शकाकडे कोणीतरी बघितलं तरच उपयोग.

गिअरबॉक्सच्या चिप डिटेक्टरवर, म्हणजे तेलातले धातूचे कण पकडणाऱ्या साधनावर, चुंबकाला काय चिकटलंय ते वाचायला वेळ लागतो. बारीक काळा गाळ म्हणजे सहसा नेहमीची झीज. चपटा, चमकदार खवला मात्र बेअरिंगचा किंवा गिअरच्या दाताचा असू शकतो. कण पुसून टाकायचा नाही. पारदर्शक टेपखाली कार्डावर चिकटवायचा, तारीख, तास, कोणत्या डिटेक्टरवरचा ते लिहायचं, मॅन्युअलमधल्या आकारांशी आणि वर्णनांशी ताडायचं. २५ मार्च २००९ला उत्तर समुद्रावर काम करणाऱ्या एका एएस३३२ एल२ हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्समध्ये असा एक कण सापडला. देखभाल करणारे आणि निर्माता यांच्यात फोनवर आणि ईमेलवर बोलणं झालं, त्यात गैरसमज राहिला, आणि आतले चुंबक उघडून बघण्याचं काम झालं नाही. १ एप्रिलला गिअरबॉक्सच्या दुसऱ्या टप्प्यातलं प्लॅनेट गिअर तुटलं, १६ जण गेले. तेव्हापासून मी सांगतो: कण सापडला की निर्मात्याला लेखी विचारा, पार्ट नंबर आणि फोटोसह, आणि उत्तरात नेमकी कोणती कृती सांगितली ते मोठ्याने वाचून एकमेकांना समजावून सांगा.

पण चिप डिटेक्टरवर सगळा भार टाकू नका. २९ एप्रिल २०१६ला नॉर्वेत तुरॉय बेटाजवळ एच२२५ या हेलिकॉप्टरची सगळी पाती हवेतच रोटरसकट सुटली, १३ जणांचा मृत्यू झाला. तिथेही दुसऱ्या टप्प्यातलं प्लॅनेट गिअर होतं. चीर पृष्ठभागाखालून वाढत गेली होती, फारसा धातू सुटलाच नव्हता, त्यामुळे डिटेक्टर गप्प राहिला. जूनमध्ये ईएएसएने ही यंत्रं जमिनीवर उभी केली. ऑक्टोबरमध्ये परवानगी परत देताना गिअरचा एकच प्रकार ठेवला, त्याचं आयुष्य घटवलं आणि तेलातल्या कणांची तपासणी दाट केली. जी चीर तपासणीत पकडता येत नाही तिच्यावर भाग लवकर उतरवणं हाच उपाय, आणि आयुष्याचे आकडे एकाएकी घटतात ते अशा वेळी.

पायरी ७: नवा भाग घेताना

भाग पेटीतून काढण्याआधी कागद काढा. एफएएचा फॉर्म ८१३०-३ किंवा ईएएसएचा फॉर्म १. अकराव्या चौकटीत स्थिती असते: नवा, ओव्हरहॉल केलेला, दुरुस्त केलेला, तपासलेला. बाराव्या चौकटीत शेरा, आणि खरी गंमत तिथेच असते: कोणत्या एडी पाळल्या, किती तास झालेत. भागावरचा सिरियल नंबर आणि फॉर्मवरचा एकेक अक्षर करून जुळवा. शून्य आणि ‘ओ’ची गल्लत होते.

आयुष्यबद्ध भाग वापरलेला असेल तर जन्मापासून आजपर्यंतचा अखंड इतिहास हवा. मधले दोन वर्षं तो कोणत्या यंत्रावर होता हे कोणी सांगू शकत नसेल, तर तो भाग किंमत कितीही कमी असो, परत पाठवा. तो वेगळ्या, जास्त वजनाच्या मॉडेलवर फिरला असेल तर त्याचं आयुष्य कसं धरायचं ते चौथ्या प्रकरणात लिहिलेलं असतं. बनावट कागद ही कल्पित भीती नाही. २०२३मध्ये सीएफएम५६ विमान इंजिनांचे सुटे भाग खोट्या प्रमाणपत्रांसह जगभर विकले गेल्याचं उघड झालं आणि अनेक विमान कंपन्यांना इंजिनं उघडावी लागली.

उतरवलेल्या भागाचीही व्यवस्था लावा. आयुष्य संपलेलं पातं किंवा मास्ट कोपऱ्यात उभा ठेवला तर कधीतरी कोणीतरी तो ‘बरा दिसतोय’ म्हणून उचलतो. टॅग लावा, नाहीतर पुन्हा वापरता येणार नाही असा कापून टाका. निर्मात्याने मागितला तर मात्र कापू नका, पाठवा. २०१८मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरला एडब्ल्यू१६९ हे हेलिकॉप्टर टेल रोटरचं बेअरिंग बिघडून कोसळलं, त्याच्या तपास अहवालात हेच निघालं की सेवेतून उतरवलेल्या अशा बेअरिंगांची अवस्था बघायची सक्तीच नव्हती.

पायरी ८: बसवणं

इथे मॅन्युअल तुमच्यापेक्षा जास्त सांगेल, म्हणून थोडक्यात. सेल्फ-लॉकिंग नट आणि कॉटर पिन पुन्हा वापरायच्या की नाही ते पाठांतराने ठरवू नका. न्यूफाउंडलंडच्या त्या स्टडमधल्या फटीगच्या चिरांची सुरुवात नट वारंवार काढ-घाल केल्याने आटे ओरबाडले गेले तिथून झाली होती. आट्यात नट हाताने फिरताना जड लागला तर तिथेच थांबा. टॉर्क कोरड्या आट्याला दिलाय की वंगण लावलेल्या, हे वाचा. दोन्हींत खूप फरक पडतो. टॉर्क झाल्यावर रंगाची रेघ मारा, म्हणजे नट हलला तर रेघ तुटलेली दिसेल.

नियंत्रणाची साखळी उघडली असेल तर दुसऱ्या, त्या कामात हात न घातलेल्या माणसाने स्वतंत्र तपासणी करायची. कलेक्टिव्ह, सायक्लिक (दिशा देणारा दांडा), पेडल टोकापासून टोकापर्यंत हलवून, पाती योग्य दिशेला वळतात ना हे बघायचं. पातं बदललं तर ट्रॅकिंग (सगळी पाती एकाच पातळीत फिरतात ना हे जुळवणं) आणि बॅलन्सिंग, मग देखभालीनंतरचं चाचणी उड्डाण. काही नटांना थोड्या तासांनी पुन्हा टॉर्क द्यायचा असतो. ते तास वैमानिकाच्या टेक लॉगमध्ये लिहा, तुमच्या डायरीत नाही.

पायरी ९: नोंद

एडीचा क्रमांक, सुधारणेची तारीख, काम कोणत्या पद्धतीने केलं, म्हणजे एडीच्या कोणत्या परिच्छेदाप्रमाणे आणि बुलेटिनच्या कोणत्या आवृत्तीप्रमाणे, यंत्राचे तास, तारीख, सही, परवाना क्रमांक. पुन्हा करायची असेल तर पुढची वेळ तासांत आणि तारखेत. काढलेल्या आणि बसवलेल्या भागांचे पार्ट नंबर, सिरियल नंबर आणि जन्मापासूनचे तास. ‘एडीप्रमाणे काम केले’ या तीन शब्दांच्या नोंदीने पुढच्या माणसाला काहीच कळत नाही. एकदा केल्यावर पुन्हा तपासणी लागणार नाही असा कायमचा उपाय एडीत दिला असेल आणि तुम्ही तो केला असेल, तर ‘यापुढे पुनर्तपासणी बंद’ असं स्पष्ट लिहा, परिच्छेदाचा क्रमांक देऊन.

तपासणीत चीर सापडली तर भाग बदलून मोकळे होऊ नका. बऱ्याच एड्यांमध्ये निष्कर्ष ठरावीक दिवसांत निर्मात्याला कळवायची सक्ती असते, कधी काही सापडलं नाही तरीही. चिरेची लांबी, जागा, दिशा, भागाचे तास, फोटोत शेजारी मोजपट्टी. फॉर्म बुलेटिनच्या शेवटच्या पानावर असतो.